नाना म्हणाले, बॉयलरला पाणी कुठून घेतलं?

आपल्या खान्देशात नौदलाचं काय काम म्हणा. मी भुसावळचा, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो बारावीनंतर, त्याआधी मोठं पाणी म्हणजे हतनूर धरणाचं. पण मागच्या आठवड्यात एका नेव्हीवाल्याबद्दल वाचत बसलो, ज्याची लढाई समुद्रापासून पार लांब, आफ्रिकेच्या पोटात झाली आणि त्याच्या बोटी तिथपर्यंत रेल्वेनं, बैलांनी आणि वाफेच्या इंजिनांनी ओढत नेल्या, मग भुसावळच्या माणसाला तो आपलाच वाटणार ना.

जेफ्री स्पायसर-सिम्सन. जन्म १८७६, टास्मानियातल्या होबार्टचा. चौदाव्या वर्षी ब्रिटिश नौदलात भरती झाला आणि पुढची पंचवीस वर्षं नुसता घोळ. सरावात दोन जहाजांच्या मधे दोर बांधून पाणबुडी शोधायची आयडिया काढली, त्यात पाणबुडीच बुडता बुडता वाचली. एकदा जहाज सरळ किनाऱ्यावर चढवलं. एकदा दुसऱ्या बोटीला धडक देऊन ती बुडवली. वर गप्पा अशा मारायचा की ऐकणाऱ्यानं कान धरावेत. आमच्याकडं पारावर एक तरी असा असतोच. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि नोव्हेंबर १९१४ मधे त्याच्या ताब्यातलं 'नायजर' हे जहाज जर्मनांनी टॉर्पेडो मारून बुडवलं, तेव्हा साहेब किनाऱ्यावर बायकोसोबत हॉटेलात होते. मग त्याला ऑफिसात टेबलावर बसवला.

तिकडं आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात वेगळंच चाललं होतं. साडेसहाशे किलोमीटरच्या वर लांब सरोवर, एका काठाला बेल्जियमचं राज्य, दुसऱ्या काठाला जर्मनीचं, आणि पाण्यावर जर्मनांची दादागिरी. जॉन ली नावाच्या एका शिकाऱ्यानं लंडनला जाऊन सुचवलं की दोन वेगवान मोटरबोटी आत न्या. नौदलाचे मुख्य ॲडमिरल जॅक्सन यांचं म्हणणं, होडी तरंगेल एवढं पाणी जिथं आहे तिथं शत्रूला गाठणं हे आमचं कामच. आता माणूस कोण पाठवायचा? चांगले सगळे युद्धात अडकलेले. उरला हा.

चाळीस फुटी दोन बोटी. यानं नावं सुचवली कॅट आणि डॉग. वरून नकार आला, तर म्हणाला मिमी आणि टूटू ठेवा, म्हणजे फ्रेंचमधे म्याऊ आणि भू भू. ती पास झाली!

जून १९१५ ला बोटी जहाजानं केपटाउनला निघाल्या, तिथून रेल्वेनं उत्तरेला काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत. पुढं लाईनच नाही. मधे मिटुंबा डोंगर, सहा हजार फुटांच्या आसपास उंची, आणि दीडशे मैलांच्या जवळपास जंगलातून नुसती वाट. ती वाट रुंद केली, नाल्यांवर लाकडी पूल टाकले, हे सगळं करणारे हजारो हात तिथल्या लोकांचे, त्यांची नावं कुठं सापडत नाहीत. दोन ट्रॅक्शन इंजिनं, म्हणजे रस्त्यावर चालणारी वाफेची इंजिनं, बोटी ओढायला. जिथं त्यांचा दम संपला तिथं बैल.

इथपर्यंत मी नानांना सांगितलं. नाना म्हणजे माझे वडील, रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले, ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. शेव-भाजी खात होते, घास थांबला आणि विचारलं, "बॉयलरला पाणी कुठून घेतलं?"

मला हा प्रश्नच पडला नव्हता. आणि गंमत म्हणजे खरी अडचण तीच होती. कोरडे दिवस, डोंगरावर पाणी नाही, मग गावोगावच्या बायका डोक्यावर भांडी घेऊन मैलोनमैल चालत इंजिनाला पाणी पुरवत होत्या. नाना बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कसाऱ्याहून इगतपुरीला चढायला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लागतं, रूळ असून. आणि हे मातीवर. गेज ग्लासात, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत, पाणी दिसेनासं झालं की ड्रायव्हरच्या पोटात काय होतं ते मला विचार."

सहा आठवडे लागले तेवढ्या टप्प्याला. पुढं पुन्हा थोडी रेल्वे, मग लुआलाबा नदी, तिथं पाणी कमी म्हणून बोटी रुतल्या, पुन्हा रेल्वे. आणि स्पायसर-सिम्सन साहेब कसे, तर खाली खाकी घागरा घातलेला, बायकोनं शिवलेला, अंगभर साप नि फुलपाखरं गोंदलेली. स्थानिक होलोहोलो लोक त्याला देवासारखा मानायला लागले म्हणतात. त्याला ते आवडलं असणार हे वेगळं सांगायला नको.

लढाई मात्र झटपट. २६ डिसेंबर १९१५, रविवार, प्रार्थना चालू असताना जर्मन बोट 'किंगानी' दिसली, यानं प्रार्थना पूर्ण केली आणि मग निघाला. किंगानीची तोफ फक्त पुढं मारा करायची, हे मागून गेले, थोड्या वेळात बोट ताब्यात. तिचं नाव ठेवलं फिफी. ९ फेब्रुवारी १९१६ ला दुसरी, 'हेडविग फॉन विसमान', बुडवली. पंचवीस वर्षं ज्याला हसले त्याचं कौतुक सुरू झालं.

मग आलं तिसरं जहाज, 'ग्राफ फॉन ग्योत्सेन', या बोटींच्या कितीतरी पट मोठं. हा नुसता बघत राहिला. हात लावला नाही. पुढं जून महिन्यात सरोवराकाठच्या बिस्मार्कबुर्ग या जर्मन ठाण्यातल्या किल्ल्यावरच्या तोफांना घाबरून लांब राहिला, जर्मन रातोरात होड्यांतून पळाले, आणि नंतर कळलं की तोफा लाकडाच्या होत्या. मला विचाराल तर ग्योत्सेनला न भिडण्यात काही चूक नव्हती, चाळीस फुटी बोट घेऊन तिथं कोण जाईल. पण लाकडाच्या तोफांचं काय उत्तर देणार? आजारी म्हणून त्याला घरी पाठवलं, पदक दिलं, जहाज पुन्हा दिलं नाही. फ्रेंच उत्तम यायचं त्यामुळं नंतर मोनाकोत समुद्राच्या नकाशांचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत बरीच वर्षं नोकरी केली, आणि १९४७ ला कॅनडात वारला.

नानांना त्याच्या मरणात इंटरेस्ट नव्हता. "त्या मोठ्या जहाजाचं काय झालं?"

जुलै १९१६ मधे माघार घेताना जर्मनांनी ते स्वतःच बुडवलं, पण त्याच्या इंजिनियरांनी आधी इंजिनाला सगळीकडून ग्रीस फासलं. १९२४ मधे इंग्रजांनी वर काढलं, १९२७ पासून 'लिएंबा' नावानं ते त्याच सरोवरात माणसं न्यायला लागलं, आणि सत्तरच्या दशकापर्यंत वाफेवरच चाललं. मग डिझेल बसवलं.

"आमचंही तेव्हाच सुरू झालं होतं डिझेल," नाना म्हणाले, आणि ताट बाजूला सारत, "जुनं इंजिन भंगारात दिलं का रे त्यांनी?"