तुम्ही विचारलंत म्हणून: मंदीत अ‍ॅपलची दुकानं कशी तरली

न्यू जर्सीतल्या एका मॉलच्या ऑफिसात मी बरीच वर्षं भाड्याचे हिशेब लिहिले. हे कळलं की कुणाच्याही घरी जेवायला गेलं तरी तोच प्रश्न येतो. "२००८-०९ मध्ये इकडे एकामागून एक दुकानं बसत होती, मग अ‍ॅपलच्याच दुकानात कशी हो गर्दी?" विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तरही तयार असतं: माल चांगला, दुसरं काय! मी मान डोलावते आणि पुढची पोळी घेते, कारण खरं उत्तर द्यायला बसलं तर अन्न गार होतं. आज लिहूनच टाकते.

आधी एक दुरुस्ती. झळ त्यांनाही लागली होती. सप्टेंबर २००९ ला संपलेल्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलच्या दुकानांची एकूण विक्री आदल्या वर्षापेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी घटली. त्याच वर्षात दुकानं मात्र २४७ वरून २७३ झाली. म्हणजे एकेका दुकानामागची विक्री त्याहून जास्त घसरली. दुसरं कुणी असतं तर हात आखडता घेतला असता. यांनी आणखी दुकानं उघडली, आणि पुढच्याच वर्षी ३१७ दुकानांतून ९८० कोटी डॉलरचा धंदा केला. त्यात आयफोनचा आणि नव्या आयपॅडचा वाटा होताच, ते कोण नाकारतंय. पण घसरत्या वर्षात नवी दुकानं उघडण्याची ऐपत कुठून आली, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. आणि त्याचं निम्मं उत्तर माझ्या टेबलावर होतं.

मॉलमधल्या गाळ्याचं भाडं दोन तुकड्यांत येतं. एक ठरलेलं, चौरस फुटावर. दुसरं विक्रीवर: वर्षाची विक्री करारातल्या आकड्याच्या वर गेली, की वरच्या रकमेतले काही टक्के मॉलचे. म्हणून दुकानं आपापले विक्रीचे आकडे आम्हाला पाठवायची आणि मी ते चढवून ठेवायचे. एरवी कंटाळवाणं काम. पण २००८ च्या थँक्सगिव्हिंगनंतर ते आकडे उघडताना पोटात गोळा यायचा. कपडे, दागिने, फर्निचर, सगळ्या रकान्यांत उतार. वर्षानुवर्षं विक्रीवरचं भाडं देणारी दुकानं आता ठरलेलं भाडंही आठ-आठ दिवस उशिरा द्यायला लागली.

त्यात करारातलं एक कलम. मॉलच्या टोकाला जे अवाढव्य दुकान असतं त्याला आम्ही अँकर म्हणतो. ते बंद पडलं, की बाकीच्या काही दुकानांना भाडं कमी करून मागता येतं आणि ठरावीक मुदतीत तिथे नवं कुणी आलं नाही तर काहींना करार सोडून निघूनही जाता येतं. को-टेनन्सी म्हणतात त्याला. चांगल्या दिवसांत हे कलम कुणी वाचत नाही. आमचा एक अँकर गेला त्यानंतरच्या एका सोमवारी टपालात तीन पत्रं आली, तीन वेगळ्या दुकानांची, तीन वेगळ्या वकिलांची, आणि तिन्हींत त्याच कलमाचा हवाला. आमच्या मॅनेजरबाईंनी ती टेबलावर ओळीत मांडली आणि कॉफी न पिताच बाहेर गेल्या. भिंतीवरून पाटी उतरवली तरी अक्षरांच्या जागी रंग उजळ राहतो, त्यामुळे गेलेल्या दुकानाचं नाव पुढे कित्येक महिने वाचता यायचं. सकाळी मॉलमध्ये चालायला येणारे म्हातारे त्या भिंतीपाशी वळून परत फिरायचे.

अशा वेळी मॉलमालकाला भाड्याच्याही आधी काय हवं असतं? माणसं. दारातून आत येणारी, सोमवारी सकाळीही येणारी माणसं. ती आणणारं दुकान मिळालं तर त्याच्यासमोर मालक अटी कसल्या घालणार!

आमच्याकडच्या करारांबद्दल मी बोलणार नाही. नोकरी सोडली तरी सही केलेली आहे. पण २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं जे छापलं ते तर उघडच आहे. मॉलमधले नेहमीचे भाडेकरू विक्रीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम भाड्यात घालतात, अ‍ॅपल फार तर २ टक्के. आणि ग्रीन स्ट्रीट या मालमत्ता-अभ्यास कंपनीचा अंदाज असा, की अ‍ॅपलच्या एका दुकानामुळे मॉलची विक्री १० टक्क्यांनी वाढते.

हे वाचून लोक म्हणतात, म्हणजे मालकाला लुटलंच की! इथे माझ्यातली हिशेबनीस जागी होते. अ‍ॅपलच्या दुकानात एका चौरस फुटामागे वर्षाला पाच हजार डॉलरच्या वर विक्री होते, असे आकडे तेव्हा छापून येत. पाच हजारांचे दोन टक्के शंभर. शेजारचं कपड्यांचं दुकान फुटामागे चारशे डॉलर विकत असेल आणि पंधरा टक्के देत असेल, तर साठ. म्हणजे मालकाला शंभर मिळाले आणि भाडेकरूला ते जाणवलेही नाहीत. साठ देणाऱ्याचा मात्र घाम निघाला. विक्री चौथाईनं पडली तर हा साठवाला बुडतो. शंभरवाला आणखी एक गाळा मागतो, आणि मंदीत मोक्याचे गाळे रिकामेच पडलेले असतात.

उरलेलं निम्मं उत्तर दुकानाच्या आत आहे. त्यासाठी त्याच काळातलं एक बुडालेलं दुकान बघा. सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची प्रचंड साखळी. मार्च २००७ मध्ये त्यांनी सुमारे ३,४०० कामगारांना घरी पाठवलं. कारण? त्यांचा पगार जास्त होता. म्हणजे वर्षानुवर्षं टीव्ही विकून जे तरबेज झाले होते तेच नेमके काढले आणि त्यांच्या जागी स्वस्तातली माणसं घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००९ मध्ये उरलेली ५६७ दुकानं मोडीत काढायचं ठरलं. नुसत्या पगारामुळे बुडाली असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्यानं बनवलेला टीव्ही दुसऱ्या दुकानाहून पाच डॉलर स्वस्त विकणं एवढंच काम उरलं, की माणूस हा खर्चच दिसायला लागतो.

अ‍ॅपलचं तसं नव्हतं. माल त्यांचाच. तुम्ही फोन इथे घ्या, घरबसल्या मागवा, की फोन कंपनीच्या दुकानात घ्या, पैसा शेवटी तिकडेच जाणार. मग दुकानातल्या पोरानं दिवसभरात किती डबे विकले हे मोजायची घाई नाही. त्यांना कमिशन नव्हतं. रॉन जॉन्सन यांनी २००० पासून ही दुकानं उभी केली, आणि दुरुस्तीच्या टेबलाची, म्हणजे जीनियस बारची, कल्पना त्यांनी हॉटेलांच्या पाहुणचारावरून घेतली. लोकांना विचारलं, तुम्हाला सगळ्यात चांगली वागणूक कुठे मिळाली? बहुतेकांनी दुकानाचं नाव घेतलंच नाही, हॉटेलचं घेतलं.

२०१० मध्ये माझ्या लॅपटॉपवर माझ्याच हातून चहा सांडला. तो घेऊन गेले. निळ्या टी-शर्टातल्या, जेमतेम बाविशीच्या मुलानं तो उलटा केला, बारीक स्क्रू काढून एका ट्रेमध्ये ओळीनं मांडले, आत बघितलं आणि म्हणाला, दुरुस्तीला पैसे घालू नका, आधी आतले फोटो वाचवू. चाळीस मिनिटं बसला होता. नवा घ्या असं एकदाही म्हणाला नाही. त्याच वर्षी मी दुसरीकडे एक साधा प्रिंटर घेतला होता. तिथल्या माणसानं बिल करताना जादा वॉरंटी गळ्यात मारायला दहा मिनिटं घेतली, आणि प्रिंटरमध्ये कागद कुठून घालायचा हे मात्र त्याला सांगता आलं नाही. नवा लॅपटॉप मी कुठे घेतला असेन हे सांगायला नकोच.

इतकं सरळ असेल तर इतरांनी नक्कल का नाही केली? केली की! खुद्द जॉन्सनच २०११ मध्ये जे. सी. पेनी या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचे प्रमुख झाले. कूपनं बंद, रोजचे सेल बंद, एकच सरळ किंमत, दुकानात दुकानं. पेनीच्या गिऱ्हाईकाला कात्रीनं कूपन कापण्यातच गंमत होती. तो फिरकेनासा झाला. २०१२ मध्ये विक्री २५ टक्क्यांनी कोसळली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन बाहेर. माणूस तोच, डोकं तेच. पण मोजे आणि चादरी विकणाऱ्या दुकानात लोक दुरुस्तीला येत नाहीत, शिकायला येत नाहीत, आणि माल तर दुसऱ्यांचाच. मायक्रोसॉफ्टनं २००९ मध्ये अशीच दुकानं काढली आणि २०२० मध्ये ती कायमची बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तो निळ्या टी-शर्टातला मुलगा मात्र हिशेबात कुठे बसतो, हे मला अजून टोचतं. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१२ मध्ये लिहिलं होतं की अ‍ॅपलच्या दुकानांतले कितीतरी जण वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या आसपास कमावतात. चौरस फुटाला पाच हजार डॉलर आणि माणसाला पंचवीस हजार! मेरीलँडमधल्या टाउसनच्या दुकानातल्या कामगारांनी जून २०२२ मध्ये युनियनच्या बाजूनं मतदान केलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. एवढा उशीर का, याचं वाटलं.

मॉलची नोकरी सुटून आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मुलाच्या फोनची बॅटरी बदलायला त्याच मॉलमध्ये गेले. फोन जमा करून घेतला आणि म्हणाले, दीड तासानं या. फोन नाही, पुस्तक नाही, करायचं काय? एक प्रेट्झेल खाल्लं. मग मोज्यांच्या तीन जोड्या घेतल्या, गरज नसताना. मग एक मेणबत्ती. कार्ड स्वाइप करताना डोक्यात दहा टक्क्यांचा तो आकडा आला आणि मी काउंटरवर एकटीच हसले. पलीकडच्या मुलीनं विचारलं, पिशवी हवी का?