चिऊताई, ओपन द डोअर!

धायरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि जाऊबाईंनी इंग्रजीचा क्लास काढला, तेव्हा भांडवल म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेले तक्ते, फ्लॅशकार्डं आणि सहा मुलं. ॲपल, बॉल, कॅट मुलं घडाघडा म्हणायची. तहान लागली की मात्र ‘मॅडम, पाणी’. तीन महिन्यांत सहाची चार झाली.

एका पावसाळी संध्याकाळी जाऊबाईंनी वैतागून तक्ता गुंडाळला आणि चिऊ-काऊची गोष्ट इंग्रजीत सुरू केली. गोष्ट सगळ्यांना पाठ, त्यामुळे अर्थ कुणी विचारलाच नाही. ‘चिऊताई, ओपन द डोअर!’ ‘वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी.’ मग फीडिंग, मग ड्रेसिंग. वाक्याचा साचा तोच, काम तेवढं बदलतं. चालू वर्तमानकाळ तो हाच, पण पाच वर्षांच्या पोराला ते नाव कशाला सांगायचं? चौथ्या फेरीला मुलंच दाराआडून ओरडायला लागली.

घोळ एकच झाला. ‘काऊ म्हणजे गाय ना? मग काऊचं घर काऊच्या शेणाचं?’ आम्ही हसून हसून बेजार. तेव्हापासून ‘क्रो’ पहिल्याच दिवशी चित्र दाखवून.

आता एक गोष्ट तीन आठवडे चालते. आधी नुसतं ऐकायचं, हातवारे करायचे. मग ठेक्याची वाक्यं मुलांनी म्हणायची. शेवटी पुठ्ठ्याचे मुखवटे लावून नाटक. लिहिणं फार पुढे.

पालकांना पटवणं मात्र जड गेलं. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. आमचे बरेच पालक त्याच्या आधीचे, पाचवीत एबीसीडी गिरवलेले. वही कोरी दिसली की त्यांच्या पोटात गोळा येतो. ‘फी घेता आणि गोष्टीच सांगता?’ एका वडिलांनी तोंडावर विचारलं. आम्ही वाद घातला नाही, महिन्याच्या शेवटच्या तासाला त्यांना मागे सतरंजीवर बसवलं. पुढच्या महिन्यात ते पुतणीला घेऊन आले. जाहिरातीवर आम्ही आजवर रुपया घातलेला नाही; आज तीन बॅचेस आहेत आणि चपला जिन्यापर्यंत जातात.

परवा नाटकात चिऊने दार उघडलं आणि काऊला उंबऱ्यावरच अडवलं, ‘वेट! वॉश युवर फीट!’ हे वाक्य आमचं नव्हे, तिच्या आजीचं असणार. काऊ क्षणभर बावचळला. मग मुखवट्यासकट मोरीत जाऊन खरंच पाय धुऊन आला.