पाव्हणं

मंगळवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही म्हणून लिहितोय. कारण सांगितलं तर सुजा हसेल, म्हणून तिला सांगितलेलं नाही.

परवा मिरजेला उतरलो, रिक्षात बसलो आणि सवयीनं म्हणालो, "कॅसेटवाल्याच्या कोपऱ्यावर सोडा." पंचविशीचा पोरगा. वळून बघायला लागला. "कसलं वाला?" मग मी लक्ष्मी मार्केटपासून रस्ता सांगत बसलो. "आसं म्हणा की, मोबाइल दुकानं हायत तिथं," तो म्हणाला, आणि गिअर टाकता टाकता, "पाव्हणं कुठलं?"

आता 'पाव्हणं' आमच्याकडं कुणालाही म्हणतात. भाजीवाली म्हणते, एसटीतला शेजारी म्हणतो. त्यात लागण्यासारखं काही नाही. पण लागलं. त्याहून जास्त हे लागलं, की मी चटकन "पुणे" म्हणून मोकळा झालो.

दुपारी सह्या झाल्या. त्याबद्दल आज नको.

संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. कव्हरं, चार्जर, काचा बसवून मिळतील. आत किती खोल असायचं ते दुकान! निदान तेव्हा वाटायचं. काकांच्या मागं भिंतभर कॅसेट, काउंटरवर दोन डेक, आणि कागदावर गाण्यांची यादी घेऊन आलेली आम्ही पोरं. साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरून न्यायची. एका बाजूला पाच-सहा गाणी बसायची आणि शेवटी दोन-तीन मिनिटं उरायची. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडत. काका सोडत नसत. पट्टीचे पैसे घेतलेत, म्हणायचे, आणि तिथं किराणा घराण्याचे जुने गवई अब्दुल करीम खाँसाहेब भरायचे. जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, त्यामुळं खाँसाहेब त्या फटीत मापानं शिवल्यासारखे बसत. क्वचित शेवटची तान अर्ध्यात तुटायची आणि खट्‌ करून बटण वर यायचं.

मला संताप यायचा. दहावीतला मी, धांगडधिंगा ऐकायला बसलेला, आणि मध्येच हा बारीक, सुईसारखा आवाज. यादीत खाली मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं एकदा: 'शेवटी काही भरू नये'. तरी भरलंच. आज झिंझोटीतली ती ठुमरी मला जागच्या जागी म्हणता येते, सुरात नाही, पण येते. कुठल्या गुरूकडं गेलो होतो मी?

तर पाव्हणं.

गावातलं गाण्याचं दुकान गेलं, असा गळा काढायचीही मला सोय नाही. सतारमेकर गल्ली आहे तिथंच आहे. परवाही एकजण दारात बसून तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंजन, काढत होता, घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, परत कानस. आत पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकनही मिळालं. म्हणजे भोपळा टिकला आणि आमची आधुनिक कॅसेट पंचवीस-तीस वर्षांत गेली. आणि ती घालवली कुणी? हॉस्टेलवरून येताना दीडशे गाण्यांची एमपी३ सीडी घेऊन येणारा मीच की. काकांना अभिमानानं दाखवलीही होती. त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "ह्यात जागा उरत नाही होय?" तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

त्यांच्याकडं माझे पंचवीस रुपये राहिलेत. ते असो.

पुन्हा पाव्हणं. रात्रभर गाडीत हेच. खाँसाहेब तरी कुठं मिरजेचे? लांब उत्तरेत कैराण्याचे. १९३७ साली गेले तेही तिकडं मद्रासजवळ, रेल्वेच्या फलाटावर. पण आणलं मिरजेला. दर्ग्यात उरुसाला त्यांच्या नावानं अजून गाणं होतं, आणि मिरजकर कसे 'आमचे खाँसाहेब' म्हणतात. बाहेरून आलेला माणूस आमचा झाला. मी मिशन हॉस्पिटलात जन्मलेला, आणि मला... जाऊ दे. स्वतःची तुलना कुणाशी करतोय मी! दादाला हे कळलं तर वर्षभर पुरवील.

दादावरूनच आठवलं. अण्णा त्या कोपऱ्याला मरेपर्यंत 'बंबवाल्याचा कोपरा' म्हणत. सहा-सात वर्षांचा असताना मला तिथून काहीतरी आणायला पाठवलं होतं, आणि मी अर्धा तास बंब शोधत हिंडलो. तिथं कॅसेटच कॅसेट. रडत घरी आलो. अण्णा म्हणाले, "गावात राहतोस आणि बंबवाला माहीत नाही?" रिक्षातल्या पोरानं मला निदान रडवलं नव्हतं. नुसतं हळूच विचारलं होतं.

आणि ऐंशी रुपये घेतले होते. दादा म्हणाला, गावातल्या माणसाला पन्नास. म्हणून परत जाताना दुसऱ्या रिक्षात बसताना आधीच बजावलं, अगदी घोटीव मिरजेच्या हेलात, "स्टेशन. आन्‌ बरोबर घ्या, गावातलाच हाय मी."

त्यानं माझ्या चाकांच्या बॅगेकडं बघितलं. "हाय की. सगळी गावातलीच असत्यात," म्हणाला, आणि ऐंशी घेतले.