उपचार संपले, मग गटात कशाला जातेस?

"रिपोर्ट चांगले आले ना? मग दर आठवड्याला त्या आजारी बायकांमध्ये जाऊन कशाला बसतेस? झाले गेले विसरून जा." स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावरही मी त्या आजाराच्या बायकांच्या आधारगटात जाते, म्हणून हा प्रश्न मला बेळगावात टिळकवाडीत, शहापुरात आणि खानापूरला माहेरीही विचारला गेला आहे. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून आता नीट सांगते.

केमो आणि रेडिएशन चालू असताना भीतीला सवड नव्हती, कारण कोणी ना कोणी मला सतत तपासत होते. शेवटच्या दिवशी डॉक्टर "आता तीन महिन्यांनी या" म्हणाले, घरच्यांनी गल्लीत कुंद्याची मिठाई वाटली, आणि त्याच रात्रीपासून माझी झोप उडाली. पाठ दुखली की आजार हाडांत उतरला असे वाटे, खोकला आला की फुप्फुसांत. स्तनाच्या कर्करोगानंतर पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते आणि माझ्यासारख्या अनेकींना आजार परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी निदान पाच वर्षे रोज घ्यावी लागते. ती गोळी हातात घेताना नेमके काय विसरायचे, हे विसरायला सांगणाऱ्यांनी एकदा सांगावे.

घरचे दुखणे चारचौघांत मांडू नये, असे मीही ठामपणे म्हणत असे, आणि त्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे आजही म्हणणार नाही. पण घरी मी बोलू लागले की नवऱ्याचा चेहरा उतरे, मग मीच त्याला धीर देत बसे. गटात कोणाला धीर द्यावा लागत नाही. समुपदेशक कन्नड आणि मराठी दोन्हींत बोलतात, तिथले बोलणे तिथेच राहते, न मागता सल्ला कोणी देत नाही. काळजीसाठी दिवसातली ठरावीक वेळ राखायची आणि नवे दुखणे टिकून राहिले तर अंदाज बांधत न बसता डॉक्टरांना दाखवायचे, हे मी तिथेच शिकले.

मात्र एक बैठक अशी झाली की मी गट सोडणारच होते. निपाणीकडची एक बाई आमच्यात सर्वांत मोकळेपणाने बोलणारी होती. तिचा आजार परतल्याचे कळले, त्या दिवशी दोघी उठून गेल्या. पुढच्या बैठकीला ती स्वतः आली, नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझ्याकडं बघून तुम्ही घाबरताय, ते मला दिसतंय. मी येऊ नको का?" कोणी बोलेना. समुपदेशकांनीही ती शांतता मोडण्याची घाई केली नाही. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, "मला तुमच्यासारखं व्हायचं नाही, म्हणून तुमच्याकडे बघवत नाही." बोलताना माझे हात थरथरत होते. ती म्हणाली, "मग असं सांगा की. घरात सगळी म्हणत्यात, काही होत नाही." त्यानंतर ती मरणाबद्दल बोलली, धाकट्या मुलीच्या शाळेबद्दल बोलली आणि आम्ही ऐकले. जे ऐकले तर कोसळून पडू असे मला वाटत होते, ते ऐकूनही मी संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक केला.

अशा गटांनी आयुष्य वाढते का, असेही काहीजण विचारतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ च्या अभ्यासातून, आजार शरीरात पसरलेल्या स्त्रियांबाबत, तशी आशा निर्माण झाली होती. २००१ मध्ये कॅनडातील मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही, पण मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव कमी झाल्याचे दिसले. मी आयुष्य वाढवायला जात नाही. भीती गेली आहे, असाही माझा दावा नाही. येत्या तपासणीची तारीख जवळ आली आहे आणि झोप पुन्हा उडाली आहे.

ती बाई अजून येते. तिच्यामुळे आम्हाला बळ मिळते असे कोणी म्हटले की मात्र मला राग येतो. इतके सोसणाऱ्या बाईवर आम्हाला बळ देण्याचेही काम का टाकावे, हे मला पटत नाही, आणि पुढच्या बैठकीत मी ते तिच्यासमोरच विचारणार आहे.