वोल्कान बारू एका दिवसात, म्हणजे ढगांच्या आधी

पनामातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे वोल्कान बारू, 3,474 मीटर. बोकेते गावाच्या बाजूनं गेलं की साधारण साडेतेरा किलोमीटर वर आणि तेवढंच खाली, सगळं एका दमात. आम्ही रात्री बारालाच चालायला लागलो. एवढ्या रात्री कशाला, तर ढगांमुळे. तिकडच्या उंच डोंगरांवर पहाटे बहुतेकदा आभाळ मोकळं असतं, मग ऊन चढलं की जंगलातली दमट हवा तापून उतारावरून वर सरकते, वर जाऊन थंड होते आणि दहा-अकरापर्यंत टोक ढगात गुडूप. दुपारी पोचलात तर आजूबाजूला नुसतं पांढरं.

वाट म्हणजे खरंतर जीपचा रस्ता, पण सगळा दगडगोट्यांचा, हेडटॉर्चच्या उजेडात एकेक पाऊल बघून टाकावं लागतं. सुरुवातीला दाट जंगल, झाडांवरून टपटपणारं पाणी, आणि मी घामानं चिंब. इथेच चुकलो. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा डिग्रीनं उतरतं हे माहीत असूनही ओला टी-शर्ट तसाच ठेवला, आणि वर वाऱ्यात जरा थांबलो तर दातावर दात आपटायला लागले. कोरडा शर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सॅकमध्ये ठेवा आणि थंडी वाजायच्या आधी बदला, प्लीज.

3,000 च्या वर मैत्रिणीचं डोकं ठणकायला लागलं. टोकावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजन कमी, आणि एका दिवसात चढायचं म्हटल्यावर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आमचं निघण्याआधीच ठरलेलं, उलटी झाली किंवा तोल जायला लागला तर टोक समोर दिसत असलं तरी मागे फिरायचं, कारण यावर खरा उपाय म्हणजे खाली उतरणं. आम्ही बसलो, पाणी प्यायलो, थोडं खाल्लं, ठणका थांबला तेव्हाच पुढे निघालो, तेही अगदी हळू. हे बोलणं खालीच करून घ्या, वर गेल्यावर 'परत जाऊया' हे शब्द कुणाच्याच तोंडून निघत नाहीत.

टोकावर अँटेनांचे टॉवर आहेत, एक क्रॉस आहे, आणि त्या क्रॉसपाशी जायला शेवटी थोडे खडक हातानं धरून चढावे लागतात. उजाडलं तेव्हा एकीकडे पॅसिफिक, चिरिकीच्या आखातातली बेटंसुद्धा, आणि वळून बघितलं तर कॅरिबियन! एका जागी उभं राहून दोन समुद्र, मला खरंच भरून आलं, कितीतरी वेळ कुणी बोललंच नाही. मग कॅरिबियनकडून ढग आले आणि ती बाजू आधी गेली.

उतरताना गुडघ्यांची वाट लागते, ऊनही त्या उंचीवर चटके देतं. दहाच्या सुमाराला दोघं वर येताना भेटले, अजून किती राहिलंय विचारत होते. टोक दाखवायला मागे वळलो तर तिथं काहीच दिसत नव्हतं.