एकच रिव्हॉल्व्हर, दोन निकाल

आज इथे टेक्सासमध्ये इनडोअर रेंजवर मित्राच्या तीन हँडगन एकापाठोपाठ चालवून बघितल्या. अंतर तिन्हींना तेच, १० यार्ड.

रूगर मार्क ४ म्हणजे पॉइंट टू टू, बारीक काडतुसाचं पिस्तूल. धक्का नावालाच, नळी जागेवर पक्की. सगळी भोकं वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत! मग ग्लॉक १७ पिस्तूल. नाइन एमएम काडतुसाचा दणका येणार म्हणून हात आधीच आवळला जातो आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या डावीकडे खाली जातात. माझ्याही गेल्याच.

खरी मजा स्मिथ अँड वेसन ६८६ या रिव्हॉल्व्हरने आणली. ही पॉइंट थ्री फिफ्टी सेव्हन काडतुसाची, पण आम्ही त्यात तिला चालणारी, कमी दणक्याची पॉइंट थर्टी एट स्पेशल भरली होती. हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने मागे ओढून मारलं की ट्रिगर हलका, नेम जवळजवळ रूगरसारखा. तेच नुसता ट्रिगर दाबून मारलं, तर ती लांब, जड ओढ संपेपर्यंत फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) गावभर फिरून येते. नळी तीच, काडतूस तेच, कागद मात्र चाळणी.

मित्र म्हणतो, टेकू देऊन मारल्या तर तिन्ही आपल्यापेक्षा सरस. असतील. पुढच्या वेळी मी फक्त टू टू घेणार, काडतुसंही स्वस्त पडतात.