कोपरखैरण्याच्या गार्डनमधलं स्मारक

साताऱ्याहून एसटीनं निघालो, खंबाटकीला ट्रॅफिक, वाशीला उतरून ठाण्याची लोकल पकडली आणि कोपरखैरण्याला ताईकडं पोचलो. इथं माथाडीच्या वस्तीत अर्धा सातारा-सांगली भेटतो, त्यामुळं परक्या गावी आल्यासारखं वाटतच नाही.

संध्याकाळी भाच्याला घेऊन जवळच्या उद्यानात गेलो. ओपन जिम, जॉगिंग ट्रॅक, झाडं पण बऱ्यापैकी, फक्त गर्दी इतकी की बाकड्यावर टेकायला जागा नाही. कोपऱ्यात एक चौथरा दिसला, त्यावर उलटी रायफल, वर हेल्मेट, खाली काळ्या ग्रॅनाइटची पाटी. जवळ जाऊन वाचली आणि डोकंच सणकलं राव. वर मोठ्या अक्षरात 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती', मग 'संकल्पना', मग निधी कुणाचा ते, आणि ज्याच्यासाठी हे उभं केलं त्या जवानाचं नाव मध्ये एका ओळीत, तेही रंग उडालेलं. पलटण कुठली, कुठल्या सेक्टरला होता, कधी गेला, काही म्हणजे काही नाही. भाच्यानं विचारलं, 'मामा, हे कोण होते?' मला उत्तर देता येईना.

शेजारी एक आजोबा उभे होते, म्हणाले, 'पाव्हणं, मी सांगतो की.' निघाले आमच्या कोरेगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पूर्वी इथं गार्डन नव्हतं, मोकळं मातीचं ग्राउंड होतं, आणि हा पोरगा भरतीच्या आधी रोज पहाटे इथंच पळायचा. भरतीला १६०० मीटर पळायचं असतं, साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी मार्क, म्हणून आजोबा घड्याळ हातात धरून उभे राहायचे. शेवटच्या फेरीला पोरगा चप्पल काढून फेकायचा, बूट घ्यायला पैसे नव्हते. नंबर लागला, बेळगावला ट्रेनिंग झालं आणि पुढं काश्मीरमधल्या कुपवाड्यात रात्रीच्या गस्तीवर चकमकीत गेला. एवढं बोलून आजोबांनी खिशातला रुमाल काढला आणि पाटीवरचं ते एकच नाव पुसलं, बाकीची नाही. (नाव मी इथं टाकत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही.)

आमच्याकडं अपशिंगे मिलिटरी गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे, आणि शाळेतल्या पोरालाही ४६ हा आकडा पाठ असतो. शहरात तर हे जास्तच लागतं, कारण इथं शेजारच्या बिल्डिंगमधलं माणूस ओळखीचं नसतं, मग पाटी नाही सांगणार तर कोण सांगणार? ठाणे जिल्ह्यातल्याच मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ७ ऑगस्ट २०१८ ला काश्मीरमधल्या गुरेझमध्ये शहीद झाले, तेव्हा अंत्ययात्रेला रस्ते भरून लोक आले होते. ती माणसं मनापासूनच आली होती, पण आज आठवीत असलेल्या पोराला ते कसं कळावं?

बाकी दिवस सीवूड्सचा मॉल आणि पाहुण्यांकडच्या जेवणात गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. निघायच्या आधी आजोबांना बसवून सगळी माहिती लिहून घेतली, पलटण, जागा, तारीख, आणि वॉर्ड ऑफिससाठी अर्ज तयार केला की पाटी नवीन लावा, मान्यवरांची नावं पाठीमागं घ्या. आजोबा आधी त्याच्या आईला विचारणार, ती हो म्हणाली की सोसायटीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला ताई सुरुवात करेल. २६ जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिवसाच्या आत काम व्हावं असं आजोबांचं म्हणणं आहे, मी दर आठवड्याला फोन करून विचारणार आहे.